थोरांग ला: खिंडीचा दिवस आणि आदल्या रात्रीचा निर्णय

कुसुंबी

नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेच्या ट्रेकवर इथे आधी बरंच लिहून झालंय, त्यामुळे बेसीसहरपासूनची सगळी वाट पुन्हा सांगत बसत नाही. हा धागा फक्त खिंडीच्या दिवसावर. ओळखीतले बरेच जण पुढच्या मोसमात निघालेत आणि सगळे विचारतात ते त्या एका दिवसाबद्दलच.

थोरांग ला ही त्या परिक्रमेतली खिंड ५४१६ मीटर, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पपेक्षाही थोडी उंच. आकडा ऐकून छाती दडपते, पण नुसता चढ बघितला तर थोरांग फेदीपासून (खिंडीच्या पायथ्याचा मुक्काम) खिंडीपर्यंत साडेनऊशे मीटरच्या आसपास. बारी गावातून कळसूबाईला साधारण तेवढंच चढतो आपण. दमवणारं प्रकरण पलीकडे आहे. खिंडीतून मुक्तिनाथपर्यंत साडेसोळाशे मीटर उतरायचं, म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईचा माथा जितका वर तितकं एका दिवसात खाली. आणि सुरुवात करायची ती जिथे हवेचा दाब निम्म्यावर आलाय तिथून.

आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. मी, नवरा, दीर, जाऊ आणि नवऱ्याचे दोन मित्र. बरोबर एक गाईड (त्यांना आम्ही दाजू म्हणायचो) आणि दोन पोर्टर. आता मनांगपर्यंत जीप जाते. आम्ही चामेपासून चालतच गेलो, अप्पर पिसांगच्या वरच्या वाटेने. मनांगला (३५४० मीटर) दोन रात्री राहिलो. मधल्या दिवशी गंगापूर्णा तलावाच्या वरच्या धारेवर चढून पुन्हा खाली झोपायला आलो. दुपारी तिथल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात उंचीच्या आजारावर डॉक्टर बोलतात, मोसमात रोज. ते चुकवू नका. तासभर बसून जे कळतं ते त्या रात्री उपयोगी पडलं.

यॅक खर्का, मग फेदी, मग हाय कॅम्प, ४८८० मीटर. फेदीहून वर येणारी नागमोडी वाट अंगावर येणारी आहे. दुपारी पोचलो तेव्हा सगळे ठीक होते. संध्याकाळी जेवणघरात बंबाभोवती बसलेलो असताना जाऊ म्हणाली, "डोकं ठणकतंय, आणि मगाचपासून अन्नाकडे बघवत नाहीये." एवढंच. दाजूंनी हातातला भाताचा घास खाली ठेवला. तिला फरशीच्या जोडावरून एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत चालायला लावलं. चालली सरळ. पण परत येऊन बसली ती थेट उलटी करायलाच उठली.

दाजू एका वाक्यात म्हणाले, "दीदी आत्ता खाली जाणार." सकाळपर्यंत वाट बघू का, गोळी देऊन बघू का, असले प्रश्न आमच्या तोंडात होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोर्टरला हेडलॅम्प काढायला सांगितला. दीर आणि एक पोर्टर तिच्याबरोबर निघाले. चारशेच्या वर मीटर उतरून रात्रीच फेदीला पोचले. तिकडून वॉकीटॉकीवर लॉजवाल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही झोपायला गेलो. सकाळी तिचं डोकं पूर्ण उतरलं होतं आणि तिने फेदीला दोन ताटं दालभात खाल्ला, हे नंतर पोखऱ्यात भेटल्यावर कळलं.

आम्ही चौघं पहाटे साडेचारला निघालो. इतक्या लवकर का, तर नऊ-दहानंतर खिंडीत वारा सुटतो आणि त्यात उभं राहता येत नाही. हाय कॅम्प सोडल्यावर लगेच एक आडवी अरुंद वाट लागते, उताराच्या पोटातून गेलेली. त्यावर रात्रीचं बर्फ घट्ट होऊन काचेसारखं झालेलं. मायक्रोस्पाईक्स (बुटावर चढवायचे काटे) इथेच चढवले. पुढे एक छोटा लोखंडी पूल. हेडलॅम्पच्या उजेडात पुढच्याच्या टाचांखेरीज काही दिसत नाही, आणि ते बरंच असतं.

दाजू सगळ्यात पुढे. त्यांचा वेग बघून पहिल्या दहा मिनिटांत वाटलं की असं चाललो तर दुपार होईल. एक पाऊल, मग दुसरं, मध्ये पूर्ण श्वास. मागून येणारा एक तरुण गट आम्हाला ओलांडून झपझप गेला. तासाभराने वरच्या चहाच्या टपरीजवळ तेच सगळे दगडावर डोकं टेकून बसलेले. आम्ही त्यांच्या शेजारून त्याच चालीने गेलो. सह्याद्रीत आपण दम लागेस्तोवर चढतो आणि मग थांबतो. इथे दम लागू द्यायचाच नाही. एकदा लागला की तो परत मिळवायला दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात अंग गार पडतं.

पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या अर्ध्या तासात गोठली. बाटली लोकरीच्या मोज्यात घालून उलटी ठेवली होती, म्हणून तिचं झाकण उघडलं (वर बर्फ धरतं, तोंड खाली असलं की तोंडाशी पाणी राहतं). श्वासाची वाफ गळपट्ट्यावर गोठून तो कडक झालेला, मान वळवली की गालाला घासायचा. खिशातलं चॉकलेट दाताने तुटेना. मित्राने फोटोसाठी हातमोजा काढला, दोन मिनिटांत बोटं पांढरी पडली. दाजूंनी त्याचा हात सरळ आपल्या जॅकेटच्या आत, काखेत धरला आणि तसेच उभे राहिले, बोटं दुखायला लागेपर्यंत. दुखायला लागली म्हणजे रक्त परत आलं.

उजाडल्यावर चढ दिसायला लागतो आणि तो फसवतो. समोरची धार हीच खिंड असं वाटतं, तिथे पोचलं की मागे आणखी एक. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी पताकांचा मोठा ढीग दिसला, त्यामागे पाटी आणि दगडी चहाची टपरी. इतक्या उंचीवर कोणीतरी पहाटे चढून येऊन चूल पेटवतं, याने मला पाटीपेक्षा जास्त भरून आलं. चहा महाग आहे. घासाघीस करू नका, त्या चुलीचा इंधनाचा प्रत्येक तुकडा पाठीवर किंवा घोड्यावर आलेला असतो.

वर अर्धा तास थांबलो. मग उतराई. सुरुवातीला बर्फ, मग भुसभुशीत घसरती माती, मग नुसते सुटे दगड. समोर धौलागिरी आणि मुस्तांगचे तांबडे-पिवळे उघडे डोंगर. मागची मनांगची बाजू आणि ही बाजू एका देशातल्या वाटत नाहीत. गुडघ्यांना काठ्या नसत्या तर माझं काय झालं असतं माहीत नाही. चाराबूच्या टपऱ्यांवर बटाटे खाल्ले आणि दुपारी मुक्तिनाथला पोचलो. तिथल्या देवळामागच्या १०८ धारांखालून जायचं ठरवलं होतं, गेलो. तो गारठा शब्दांत सांगता येणार नाही.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगेन.

लोहगडी

ताई, लिहिलंय सुरेख. पण मला एक गोष्ट पटली नाही आणि ती स्पष्टच लिहितो. गटातला एक माणूस आजारी पडून रात्री खाली गेला आणि बाकीचे पहाटे खिंड ओलांडून पलीकडे गेले. आमच्या संस्थेत पहिला नियम हाच शिकवला की गट फुटत नाही. सह्याद्रीत एकाचा पाय मुरगळला तर सगळे परत फिरतात. तुम्ही पलीकडे उतरल्यावर त्यांची तब्येत बिघडली असती तर? मध्ये अख्खी खिंड.

कुसुंबी

लोहगडी दादा, रागावले नाही. त्या रात्री हाच वाद आमच्यातही झाला. नवरा म्हणत होता सगळेच उतरू. जाऊनेच नको म्हटलं, पण केवळ तिच्या म्हणण्यावर आम्ही गेलो नाही. तीन गोष्टी बघितल्या. तिच्याबरोबर घरचा माणूस आणि वाट माहीत असलेला पोर्टर, असे दोघं होते. खाली फेदीला लॉज, घोडे, आणि तिथून मनांगचा दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर. आणि निरोप पोचायची सोय होती. तो येईपर्यंत आम्ही जायचं नक्की केलं नव्हतं. तिची चाल डगमगली असती किंवा बसल्या जागी धाप लागत असती, तर दाजूंनी सगळ्यांनाच खाली नेलं असतं. तसं त्यांनी सांगितलंही.

दुसरं म्हणजे, आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडेल या धाकाने माणूस डोकेदुखी लपवतो. हे मला जास्त घातक वाटतं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी ठरलं होतं की कोणाला काही झालं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. दीर आणि जाऊ ही जोडी ठरलेली होती. म्हणून ती बोलली.

मिरजेचा_डॉक्टर

कुसुंबीताईंचा शेवटचा परिच्छेद मी दवाखान्याच्या भिंतीवर लावेन.

थोडं वैद्यकीय. उंचावर हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच २१ टक्के असतं. कमी होतो तो दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात आत येणारा प्राणवायू कमी. शरीर हे भरून काढतं: श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्ताची आम्लता जुळवून घेतात. पण या सगळ्याला दिवस लागतात आणि ते घाई करून होत नाही. तरुण, धट्टाकट्टा, रोज दहा किलोमीटर पळणारा माणूस यातून सुटत नाही. उलट तो वेगाने चढू शकतो म्हणून जास्त अडकतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच राहावं, हा सर्वमान्य नियम आहे. जीपने थेट मनांग गाठणारे नेमका हाच मोडतात.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, हे असलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा आजार समजायचा. अशा वेळी वर जायचं नाही. वाढत चालला तर खाली. टाचेला बोट लावून चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल, तर मेंदूला सूज येतेय. विश्रांतीतही धाप, ओला खोकला, ओठ निळे, तर फुप्फुसात पाणी. या दोन्हींत तासांत जीव जातो, सकाळची वाट बघायची नसते. गोळ्या, प्राणवायूचं नळकांडं हे सगळं उतरेपर्यंतचा आधार. खरं औषध म्हणजे उतरणं.

ताईंच्या दाजूंनी सौम्य अवस्थेतच उतरवलं. ४८८० वर झोपवून सकाळी ५४१६ वर न्यायचं की नाही हा विचार त्यांना करावाच लागला नाही, ही त्यांच्या अनुभवाची किंमत आहे.

तळकोकणी

डॉक्टर, डायमॉक्सचं (उंचीच्या आजारासाठी घेतात ती गोळी) काय? आमच्या गटात अर्धे म्हणतात घ्याच, अर्धे म्हणतात ती घेतली की लक्षणं झाकली जातात. आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर न्यावं का?

मिरजेचा_डॉक्टर

लक्षणं झाकते हा गैरसमज आहे. ती श्वास वाढवते आणि शरीराचं जुळवून घेणं लवकर घडवून आणते. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. पण आपल्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, घाबरू नका. एक-दोन दिवस घरीच घेऊन बघितली तर बरं. आणि ती घेतली म्हणून एक मुक्काम गाळायची मुभा मिळत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र वर्ज्य, त्या रात्रीचा श्वास मंद करतात.

ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. हाय कॅम्पला धडधाकट माणसाचा आकडा ऐंशीच्या आसपास किंवा खालीही दिसू शकतो. थंड बोटांवर तो काहीही दाखवतो. माणसाकडे बघा.

उत्तरवारा

मी नॉर्वेत असतो, पण थोरांग ला पुण्याच्या मित्रांबरोबर मार्चमध्ये केली. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे दोन मोसम, पण मार्चमध्ये बर्फ बरंच जास्त. फेदीला दोन दिवस नुसते बसून राहिलो, वाट उघडायची वाट बघत.

हवामानाबद्दल एक लिहायलाच हवं. ऑक्टोबर २०१४ मध्ये याच खिंडीत मोठी दुर्घटना झाली. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचे अवशेष दोन दिवसांत हिमालयाला धडकले. भर मोसमात, एरवी निरभ्र असणाऱ्या दिवसांत, हिमवादळ. थोरांग ला आणि आसपासच्या भागात मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली. ट्रेकर, गाईड, पोर्टर, याक राखणारे गुराखी. खिंडीतल्या त्याच चहाच्या टपरीत लोक दाटीवाटीने अडकले होते आणि तिथून मुक्तिनाथकडे उतरताना पांढऱ्या अंधारात वाट चुकून कित्येक गेले. म्हणजे बंगालच्या उपसागरात वादळ उठलं असेल तर तुमच्या माथ्यावरचं निळं आकाश बघून निघू नका. एक-दोन दिवस हाताशी जादा ठेवा. परतीचं विमानाचं तिकीट घट्ट बांधून गेलेला गट चुकीच्या दिवशी निघतो.

पोर्टरांच्या अंगावर काय आहे तेही फेदीला बघा. आपण पिसांच्या जॅकेटात आणि ते कापडी बुटात, असं असेल तर तिथेच थांबवून सोय करायला सांगा. निघण्यापूर्वी काठमांडू-पोखऱ्यात हे विचारणं सगळ्यात चांगलं. त्यांचा विमा आहे का हेही.

कुसुंबी

उत्तरवारा, पोर्टरांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. जाऊबरोबर रात्री उतरलेला मुलगा विशीतला होता. त्याच्या पायात नीट बूट आहेत हे आम्ही बेसीसहरलाच बघून घेतलं होतं. काचेसारख्या वाटेवरून तिला हात धरून त्यानेच उतरवलं.

जाईजुई

धागा वाचून घाम फुटला! माझा प्रश्न वेगळा आहे. आईची (वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू) मुक्तिनाथला जायची फार वर्षांची इच्छा आहे. देवघरात आजोबांच्या काळापासून शाळिग्राम आहे, तुळशीच्या लग्नाला तोच असतो, आणि तो जिथून येतो ती नदी तिला बघायची आहे. खिंडीतून अर्थातच नाही. पोखऱ्याहून विमानाने जोमसोम आणि पुढे जीप, असा बेत आहे. मग हे उंचीचं सगळं तिला लागू नाही ना?

मिरजेचा_डॉक्टर

लागू आहे, आणि नेमकं यात्रेकरूंनाच कोणी सांगत नाही. पोखरा ८०० मीटरच्या आसपास, जोमसोम २७२०, मुक्तिनाथ जवळजवळ ३८००. सकाळचं विमान आणि दुपारची जीप धरली तर एका दिवसात तीन हजार मीटर चढलात. चालत आलेल्या माणसाने हे आठवडाभरात केलेलं असतं. जोमसोमला किंवा कागबेनीला (२८०० मीटर) एक रात्र, जमल्यास दोन, राहू द्या. मुक्तिनाथचं दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली झोपायला या. रक्तदाब आटोक्यात असेल तर बहुतेकांना जाता येतं, पण निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा, छातीत दुखण्याचा काही इतिहास असेल तर नक्कीच. गोळ्या चालू ठेवायच्या.

कुसुंबी

जाईजुई, आईला जरूर न्या. जीप थांबते तिथून देवळापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत. घोडे मिळतात, संकोच करू नका. १०८ धारांखालून जायलाच हवं असं नाही, हातावर पाणी घेऊन डोक्याला लावलं तरी चालतं. त्या गारठ्यात रक्तदाब असलेल्या माणसाने अंग भिजवू नये असं मला वाटतं, डॉक्टर सांगतील. देवळाजवळच ज्वालामाईचं स्थान आहे, जमिनीतल्या वायूची अखंड ज्योत, तेही दाखवा. बौद्ध लोकही त्या जागेला तितकंच मानतात.

आणि नदीसाठी कागबेनीलाच थांबा. काली गंडकीचं पात्र तिथे पायाशी आहे. शाळिग्राम म्हणजे तिथे समुद्र होता त्या काळातल्या शंखधारी प्राण्यांचे दगड झालेले अवशेष. काळा गोटा फुटला की आत चक्राच्या वळ्या दिसतात. आईला हे सांगा, तिला आवडेल. नदीवर सकाळी जा. अकराच्या सुमारास खोऱ्यात जो वारा सुटतो त्यात वाळू डोळ्यात जाते आणि वयस्कर माणसाला चालवत नाही. त्या वाऱ्यामुळेच जोमसोमची विमानं सकाळचीच असतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. परतीच्या वेळी एक दिवस जादा धरा, नाहीतर जीपने पोखरा.

जाईजुई

किती मनापासून सांगितलंत! कागबेनीला दोन रात्री नक्की. आईला वाचून दाखवलं, चक्राच्या वळ्यांचं ऐकून ती देवघरातला शाळिग्राम हातात घेऊन बसली आहे.

लोहगडी

ताई, तुमचं उत्तर पुन्हा वाचलं. गट फुटू नये हे माझं मत अजून तेच आहे, पण उतरणाऱ्याची जोडी आधीच ठरवायची हे मी आमच्या पुढच्या मोहिमेत लावणार. एक सांगा, सराव काय केलात? आमचे लोक पाठीवर वजन घेऊन सिंहगड पळत चढतात.

कुसुंबी

सिंहगड आम्हीही चढलो, पण बोलता येईल इतक्याच चालीने, आणि घड्याळ लावून नाही. जास्त भर उतरण्यावर दिला. उतरताना मांड्यांवर जो ताण येतो तोच मुक्तिनाथच्या बाजूला माणसाला रडवतो. रविवारी लागोपाठ दोनदा सिंहगड, दुसऱ्या वेळी मुद्दाम सावकाश उतरायचं, काठ्या वापरून. काठ्यांची सवय इथेच लावा, तिकडे जाऊन पहिल्यांदा हातात घेऊ नका. बूट किमान दोन-तीन महिने घालून मऊ झालेले हवेत, बोटापुढे जागा ठेवून, नाहीतर उतराईत नखं काळी होतात.

बर्फावर उन्हाचा मारा फार असतो, त्यामुळे बाजूंनी बंद असलेला गॉगल हवाच. बॅटऱ्या आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. हातमोजे दोन थरांचे घ्या, म्हणजे फोटोसाठी वरचाच काढावा लागतो. आणि गाईड निवडताना पैशांच्या आधी एक प्रश्न विचारा: "हाय कॅम्पवरून तुम्ही कोणाला खाली पाठवलंय का?" आमच्या दाजूंनी लगेच हो म्हटलं होतं, आणि कोणाला, कधी, का, तेही सांगितलं होतं.